मोटरीने पाहिलेले नागपूर

आमच्या घरात नागपूर सगळ्यात आधी नीट पाहिले ते आमच्या विहिरीवरच्या मोटरीने. माणसांचा नंबर नंतर लागला.

(पुढच्या हकिगतीत मी थोडे तिखटमीठ टाकणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. सवय आहे. पण वरचे वाक्य मात्र जसेच्या तसे खरे आहे!)

गोष्ट सत्तरच्या दशकातली. नरखेड तालुक्यात आमचा संत्र्यांचा बगिचा. झाडे तीनशे, विहीर एक, मोटर एक आणि बेकार मुलगा एक. तो मी. बी.ए.ला दोनदा बसलो होतो आणि दोन्ही वेळा बसलेलोच राहिलो होतो. त्यामुळे माझे पुढे काय करायचे, हा विषय आमच्या घरी रोज भाकरीबरोबर वाढला जायचा. मामांचे नागपूरजवळच्या वाडीला ट्रान्सपोर्टचे गोदाम होते. तिथे बसून मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, लिहायला त्यांना घरचा माणूस हवा होता. दिवसभर ट्रकांचा धूर, रात्री भाड्याच्या खोलीत मामांचे घोरणे. मला बगिचा हवा होता. संत्र्याच्या सावलीत खाट टाकून शेती करता येते, अशी माझी पक्की समजूत होती.

मे महिन्यात बाबा एका साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, मौद्याला निघाले. चप्पल घालता घालता त्यांनी निकाल दिला.

"सुधाकर, दोन दिवस बगिचा तुह्या हाती. उद्या पाण्याची पाळी हाये. आंबिया बहाराची फळं लिंबाएवढी झाली, एक पाळी चुकली तं बदाबदा गळतीन. झाडाले पाणी भेटलं, तं बगिचा तुहा. नाही भेटलं, तं सोमवारी वाडी!"

"काही चिंता करू नका, बाबा."

"थ्याचीच चिंता हाये," असे म्हणून ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी विहिरीवर गेलो आणि स्टार्टरचे हिरवे बटण दाबले. काही नाही. लाल दाबून पुन्हा हिरवे दाबले. काही नाही. मोटरीला हात लावला, कान लावला, शेवटी एक लाथ लावली. ती आपली थंड. (विजेबद्दल माझे एकूण ज्ञान म्हणजे आठवीच्या पुस्तकातला एक धडा, आणि त्यातल्या आकृत्या मी सोडून दिल्या होत्या.) पण सोमवार समोर उभा होता. मी स्वतःशीच गंभीर चेहरा करून निदान केले: मोटर जळाली! कॉइल गेली! हिला ताबडतोब नागपूरला नेऊन, वाइंडिंग करून, बाबा संध्याकाळी घरी यायच्या आत परत बसवली पाहिजे.

मी पाना घेऊन बोल्ट सोडले, वायरी सोडल्या आणि धावत घरी आलो. आई अंगणात होती. बाबांच्या कानावर जाऊ नये म्हणून मी हळूच, म्हणजे आमच्या घराण्याच्या मानाने हळूच, बोललो.

"आई, मोटर घेऊन नागपूरले चाल्लो. कोणाले सांगू नको."

आता त्या वेळी आमची कुसुमताई माहेरी आलेली होती आणि तिला न्यायला भाऊजी आले होते. भाऊजी नाशिकचे, ट्रेझरीत कारकून, बोलणे शुद्ध आणि कपड्यांना इस्त्री. ते मोरीजवळ दात घासत उभे होते. त्यांनी ऐकले ते एवढेच: मोटर घेऊन नागपूर!

मी जुनी गोधडी, सुतळी आणि सायकल शोधेपर्यंत अर्धा तास गेला. परत अंगणात येतो तर भाऊजी सफारी घालून, डोळ्यांवर काळा गॉगल लावून खाटेवर बसलेले. शेजारी ताई, लग्नातल्या शालूत. आणि दारात कुलूप घेऊन उभी आई, नवे लुगडे नेसून, हातात पुऱ्यांचा डबा!

भाऊजी उठून माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "कमाल केलीत हं सुधाकरराव! जावयासाठी चक्क मोटर केलीत! मी हिला म्हटलं, तुझा भाऊ दिसतो तसा नाही."

मी आईला बाजूला ओढले. "आई, तुले तं माहीत होतं कोणती मोटर थे!"

"माहीत होतं. पण जवाईबापू भांग पाडून बसले. मी कोणत्या तोंडानं सांगू का मोटर विहिरीवरची हाये म्हणून?"

"अन् तू काहून लुगडं नेसली?"

"नेसन नाही तं काय! नागपूर दोन घंट्यावर हाये, लग्नाले तीस वर्सं झाले, अन् म्या काय पाह्यलं? एकदा दवाखाना अन् एकदा कोर्ट! तुह्या बापाले विचारलं का अजब बंगला दाखवा, तं म्हणते, 'अजब पाहायचं तं आपला सुधाकर पाह्य.' मी येऊन राहिली. बस्स!"

विहिरीवर जाऊन मी मोटर गोधडीत गुंडाळली, सुतळीने आवळली आणि सायकलच्या कॅरिअरवर बांधली. दीड मणाची ती वस्तू, सायकलचे पुढचे चाक दर दहा पावलांनी घोड्यासारखे उधळत होते. रस्त्यात जो भेटेल तो विचारायचा, "काय गा सुधाकर, कोठी निंगाला?"

"ताईले अन् भाऊजीले नागपूर दाखवायले."

"अन् हे काय?"

"भाऊजीचा बिस्तरा."

"एका दिवसाले बिस्तरा?"

"त्याईले दुपारी झोप लागते."

असे सगळ्या गावाला पटवत मी फाट्यावर पोचलो. पुढे येऊन थांबलेले भाऊजी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मान उंच करून पाहत होते.

"सुधाकरराव, मोटर कुठाय?"

मी सायकलकडे बोट केले. भाऊजींनी गॉगल काढला. बिस्तऱ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. गोधडीचे टोक उचलून आत पाहिले.

"हिला चाकं कुठायत?"

"भाऊजी, ही पाण्याची मोटर हाये."

"आमच्या नाशकाकडे याला पंप म्हणतात! पंप!"

तेवढ्यात एस.टी. आली. ताई आणि आई आत चढूनही गेल्या. आता माघारी फिरले तर सफारीची शोभा जाणार, म्हणून भाऊजीही चढले, आणि चढताना बिस्तऱ्याचे एक टोक त्यांनाच धरावे लागले. कंडक्टरने विचारले, "आत काय हाये?" मी म्हटले, "गाद्या." त्याने खात्री करायला पायाने हलके ढोसले आणि एका पायावर उभा राहून माझ्याकडे पाहत राहिला.

"लोखंडाच्या गाद्या हायेत काय गा?"

सामानाचे तिकीट निघाले. प्रवासभर मी दर पाच मिनिटांनी विचारत होतो, "भाऊजी, किती वाजले?" कारण घड्याळ एकट्या त्यांच्याच हातात होते. काटोल येईपर्यंत त्यांनी उत्तर दिले. नंतर नुसते मनगट पुढे करू लागले.

नागपूरला कॉटन मार्केटजवळच्या गल्लीत वाइंडिंग करणाऱ्या उस्तादांचे दुकान होते. पोचलो तर फळ्या लावलेल्या, आणि फळीवर खडूने लिहिलेले: 'शादी में गये हैं. तीन बजे आयेंगे.'

"किती वाजले, भाऊजी?"

मनगट पुढे आले. साडेदहा!

तीनला उस्ताद येणार, चारची एस.टी. गाठायची, सहाला घरी, आणि बाबा त्याच सुमारास! शेजारच्या पानवाल्याला मी म्हटले, "दादा, हे इथं ठेवू काय तीन वाजेपर्यंत?"

"ठेवा ना," तो चुना लावत म्हणाला. "परवा एकानं ठेवली होती. तो अजून शोधून राहिला."

मी मोटरीला मिठीच मारली. आई मात्र फुलून गेली होती. "देवच पावला वं कुसुम! तीनपर्यंत मोकळे! चाल अजब बंगला!"

"अवं आई, हे ओझं?"

"तिलेबी दाखव. तिनं तरी कुठं पाह्यलं?"

दोन सायकलरिक्षा केल्या. एकीत आई आणि ताई. दुसरीत मी, भाऊजी आणि आमच्या पायांत मोटर, त्यामुळे आम्हा दोघांचे गुडघे हनुवटीला टेकलेले. रिक्षावाल्याने दोन पायडल मारले, थांबला आणि मागे वळून विचारले, "भैया, ये तीसरी सवारी कौन है? उतर के चल सकती क्या?"

अजब बंगला म्हणजे नागपूरचे जुने संग्रहालय. पण बिस्तरा आत नेता येणार नव्हता, हे उघडच होते. कोणीतरी त्याच्यापाशी बसायला हवे होते. भाऊजी म्हणाले, "मी बसतो. मला पाय सरळ करू द्या." त्यांना फाटकाबाहेर एका कडुनिंबाखाली मोटरीशेजारी बसवून आम्ही तिघे आत गेलो.

माझ्या पायाला भिंगरी होती. मला अख्खे संग्रहालय सात मिनिटांत उरकायचे होते. आईला सात तासही पुरले नसते. दगडी मूर्ती आल्या, तर ती प्रत्येकीपुढे थांबून, हात जोडून, घरातल्या एकेकाचे नाव घेऊन आशीर्वाद मागायची. माझ्या नावाला जास्त वेळ लागायचा. पुढे जुनी भांडी आली आणि एका पितळी गंजापुढे ती काचेला नाक लावून उभीच राहिली.

"कुसुम, पाह्य वं! असाच गंज आपल्या घरी हाये!"

"हो, वरणाचा."

"मंग आपला काहून नाही ठेवत इथं? यापेक्षा साफ हाये!"

"आई, चाल ना लवकर!"

"तुले कायची घाई? इथं सगळे हजार वर्सांपासून थांबून हायेत!"

शेवटी दोघींना जवळजवळ हाकलत बाहेर आणले. आणि कडुनिंबाखाली पाहतो तर काय, जत्रा!

झाले होते असे. भाऊजींना बसायला जमीन टोचली, म्हणून त्यांनी मोटरीवरची गोधडी काढून स्वतःखाली अंथरली आणि गॉगल लावून झोपी गेले. आता आमची मोटर कशी होती? गंज लागू नये म्हणून बाबांनी तिला चांगला जाड शेंदरी रंग दिलेला. दर दसऱ्याला तिची पूजा व्हायची, त्यामुळे कपाळावर, म्हणजे पुढच्या झाकणावर, हळदीकुंकवाचे थर. गळ्यात वाळलेल्या झेंडूची माळ. अशी ती झाडाखाली उघडी बसलेली, आणि शेजारी काळा चष्मा घालून समाधी लावलेला एक माणूस! नागपूर पाहायला आलेल्या एका खेड्यातल्या मंडळींनी ते पाहिले आणि चपला काढल्या.

त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने भाऊजींना हलवून विचारले होते, "महाराज, हे कोणतं दैवत व्हय?"

अर्धवट झोपेत भाऊजी एवढेच म्हणाले, "मोटर..."

"ऐका वं!" म्हातारा ओरडला. "मोटरबाबा! ट्रकवाल्याईचा देव असन! आपला पोट्टा डायव्हर हाये, पाया पडा लवकर!"

आम्ही पोचलो तेव्हा मोटरबाबाला ताजी फुले वाहून झाली होती, आणि एक बाई भरलेला तांब्या घेऊन अभिषेक करत होती. पाण्याची धार बरोबर हवेच्या जाळीतून आत जात होती!

मी धावलो. "अवं माय! पाणी नोको टाकू! पाणी नोको!"

"काहून गा? देवाले पाणी चालत नाही काय?"

"या देवाले नाही चालत! हा देव पाणी देते, घेत नाही!"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "वा! काय बोलला बाप्पा! पाणी देते, घेत नाही! पडा रे पुन्हा पाया!" सगळे पुन्हा वाकले. माझ्याही पायाला दोनचार हात लागले. मी आशेने आईकडे वळलो, की ही तरी काही सांगेल. आईने पदर डोक्यावर घेतला होता आणि हात जोडले होते.

"आई, आपली मोटर हाये थे!"

"असू दे. एवढ्या लोकाईनं पूजा केली, मी एकटीच कशी उभी राहू?"

आतापर्यंत मोटर नुसती जळालेली होती. आता जळालेली आणि भिजलेली होती! मला वाडीच्या ट्रकांचे हॉर्न तिथूनच ऐकू येऊ लागले. कसेतरी भक्तांच्या तावडीतून तिला सोडवून रिक्षात घातले आणि जवळच महाराजबागेत नेऊन कडक उन्हात हिरवळीवर ठेवले.

आई आणि ताई वाघ पाहून आल्या, अस्वल पाहून आल्या, मोर पाहून आल्या. मी मोटर पाहत होतो. दर पाच मिनिटांनी तिची एक बाजू फिरवत होतो, जसे गच्चीवर पापड उलटतात. आईने तिथेच पुऱ्या वाढल्या. एका हाताने पुरी, एका हाताने मोटर. लोक वाघाचा पिंजरा सोडून आमच्याकडे यायला लागले.

"काय करून राहिले हो भाऊ?"

"वाळवून राहिलो."

"मंग?"

भाऊजी थंडपणे म्हणाले, "मग तळणार आहोत."

(भाऊजी विनोद करू शकतात, हे आमच्या घराला त्या दिवशी कळले. ताईलाही!)

तीनला पाच कमी असताना आम्ही उस्तादांच्या दारात होतो. उस्ताद आले ते शेरवानीत, अत्तराच्या घमघमाटात, बिर्याणीने जड झालेले. त्यांनी मोटरीवरचे ताजे कुंकू पाहिले, फुले पाहिली, मग आम्हा चौघांना पाहिले.

"शादी से मैं आया हूँ कि ये?"

"उस्ताद, जल गई! जल्दी करो! छे बजे घर पहुंचना है!"

त्यांनी बाह्या सरकवल्या, वायरी लावून दिवा पेटवून पाहिला, कुठेतरी फुंकर मारली, आतले चमचाभर पाणी झटकले, फडक्याने पुसले आणि खटका दाबला. घूंऽऽऽ करून मोटर अशी फिरली की झेंडूची माळ उडून भाऊजींच्या गळ्यात पडली!

उस्ताद म्हणाले, "इसको हुआ क्या है? अच्छी तो है. किसने बोला जल गई?"

"आमच्या सुधाकरनं," आई कौतुकाने म्हणाली.

"इंजिनियर है?"

"नाही, बेकार हाये."

उस्तादांनी हातच जोडले. कामच केले नाही, तर मजुरी कसली म्हणाले. आईने उरलेल्या चार पुऱ्या त्यांच्या हातावर ठेवल्या. तिच्या मते सगळा उलगडा झाला होता: मोटर जळालेलीच होती, पूजा झाली म्हणून दुरुस्त झाली! परतीच्या एस.टी.त तिने हा चमत्कार पुढच्या दोन आणि मागच्या तीन बाकांना सांगितला. मी विरोध केला नाही. घरी सांगायला ते माझ्या निदानापेक्षा बरे दिसत होते.

सहाला फाट्यावर उतरलो आणि थबकलो. निम्मे गाव तिथे उभे. पुढे पोलीस पाटील. त्यांच्या शेजारी बाबा, हातात काठी.

"आला! आला नागपूर पाहून!" बाबा गरजले. "मी लवकर आलो म्हणून समजलं! इथं दिवसाढवळ्या विहिरीवरची मोटर चोरीले गेली, अन् तू वाघ पाहून राहिला होता काय? अख्खं गाव पाच घंट्यापासून चोर शोधून राहिलं!"

मी छाती काढली. अशी संधी आयुष्यात पुन्हा येणार नव्हती. बिस्तरा खाली ठेवून मी सुतळी सोडली आणि गोधडी बाजूला केली.

"चोरी नाही झाली, बाबा. मोटर जळाली होती. मी नागपूरले नेऊन आणली. चालू करून!"

बाबांची काठी खाली आली. "जळाली? काय झालं होतं तिले?"

मी कॉइलपासून सुरुवात करणार, तोच भाऊजी इस्त्री गेलेल्या सफारीतून शुद्ध भाषेत म्हणाले, "काहीही झालं नव्हतं."

मग पोलीस पाटलांनी अगदी आपुलकीने विचारले, "सुधाकर, किती वाजता बटन दाबलं होतं गा?"

"सात."

"सात वाजता तं लाइनच नव्हती. साऱ्या शिवारात नव्हती. नऊले आली. सगळ्याईच्या मोटरी नऊले सुरू झाल्या."

हसण्याचा जो लोट उठला, त्याने फाट्यावरची वटवाघळे उडाली असतील. त्या सकाळी गावातल्या सगळ्याच मोटरी माझ्या हिशेबाने जळालेल्या होत्या, फक्त आमचीच फिरायला गेली होती. बाबा मात्र हसत नव्हते. ते माझ्याकडे एकटक पाहत होते.

"वायरी सोडल्या तवा मेन स्विच बंद केला होता?"

"कोणता मेन स्विच?" मी विचारले.

बाबा तिथेच मैलाच्या दगडावर बसले. बराच वेळ त्यांनी उपरण्याने तोंड पुसले. लाइन असती तर मी वायरींनाच चिकटलो असतो, हे आईला उशिरा समजले, आणि समजल्यावर तिने भर फाट्यावर माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटे मोडली.

"झाडं?" मी चोरट्या आवाजात विचारले.

"शेजारच्या विहिरीवरून पाणी घेतलं. ओलून झाले. एक फळ नाही गळलं," बाबा म्हणाले. "तुह्यानं नाही झालं."

म्हणजे सोमवारी वाडी. मी मान खाली घातली. "मंग मामाले चिठ्ठी लिहू काय, बाबा? सोमवारी येतो म्हणून?"

"काही गरज नाही," बाबा उठत म्हणाले. "तुले वाडीले पाठवून मी मामाचं वाटोळं नाही करत. तिथं ट्रक असते. एखाद्याचं डिझल संपलं, तं तू त्याले गोधडीत गुंडाळून अजब बंगला दाखवायले नेशीन!"

अशा रीतीने बगिचा मला मिळाला. कर्तबगारीवर नाही, धोका म्हणून! मला नजरेसमोर ठेवण्यासाठी! पुढची कित्येक वर्षे मी त्याच संत्र्यांच्या सावलीत खाट टाकून शेती केली, आणि चांगली केली, असे मीच सांगतो. फक्त मोटर कोणी चालू करायची, हा प्रश्न आला की घरातला प्रत्येक जण माझ्याआधी उठतो. अगदी नवीन आलेली सूनसुद्धा म्हणते, "तुम्ही बसा, मामंजी. मी दाबते. तुम्हाले उगाच नागपूरले जा लागते."